भेंडीच्या पानातून डीएनए काढतेय, हाती नुसता शेंबूड येतोय. काय चुकतंय?

रानजाई (सोमवार, रात्री १०.४७)

नमस्कार मंडळी. इथे शेतीतली आणि लॅबमधली, दोन्हीकडची जाणती माणसं आहेत म्हणून हा धागा. विषय जरा किचकट आहे, कंटाळा आला तर सरळ पुढे जा.

मी मराठवाड्यात वनस्पती पैदासशास्त्रात पीएचडी करतेय. पीक भेंडी. एका बाजूला परभणी क्रांती हा वाण, दुसऱ्या बाजूला रानभेंडीचं रक्त असलेली एक लाइन, त्यांचा संकर आणि त्याच्या एफ-२ पिढीची (संकरित झाड म्हणजे एफ-१, त्याच्या बियांची झाडं म्हणजे एफ-२) १८४ झाडं. शेतात हळद्याला, म्हणजे पानं पिवळी पाडणाऱ्या विषाणूरोगाला, कोणतं झाड टिकतं ते पाहायचं आणि एसएसआर मार्करशी, म्हणजे डीएनएवरच्या खुणांशी, जुळवायचं, एवढंच काम. शेतातलं सगळं नीट चाललंय. अडलंय ते डीएनएपाशी.

पाच आठवडे रोज हेच करतेय: एक ग्रॅम पान द्रव नायट्रोजनमध्ये कुटायचं, त्यावर सीटॅब बफर (पेशी फोडणारं साबणासारखं द्रावण), ६५ अंशाला तासभर, मग क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोल, वरचं पाणी काढून त्यात आयसोप्रोपेनॉल, रात्रभर उणे २० ला. सकाळी ट्यूबच्या तळाशी पारदर्शक, लोंबता गोळा. पिपेटच्या टिपेनं उचलला की वीतभर तार निघते. टीई बफरमध्ये दोन दिवस ठेवला तरी विरघळत नाही. नॅनोड्रॉप (प्रकाश किती शोषला जातो त्यावरून डीएनए मोजणारं यंत्र) म्हणतं ४१० नॅनोग्रॅम, शुद्धता दाखवणारं २६०/२८० चं गुणोत्तर १.७१, २६०/२३० चं ०.५८. जेलवर घातला तर माल विहिरीतून (जेलमधल्या खाचेतून) हलतच नाही. पीसीआरला (डीएनएच्या हव्या तुकड्याच्या प्रती काढतात ते) एक पट्टा नाही.

गाईड म्हणाले किट आणा. आणलं. पन्नास नमुन्यांचं किट, पहिल्या आठ नमुन्यांतच कॉलम चोंदले. उरलेलं किट आता फ्रीजमध्ये माझ्याकडे बघत असतं.

कुणी भेंडीवर काम केलंय का?

ठोंब्या (सोमवार, रात्री १०.५३)

रुमाल टाकून ठेवतो. शीर्षक वाचून बालरोगाचा धागा आहे असं वाटलं होतं.

सुगरण_काकू (सोमवार, रात्री ११.२०)

अगं बाई, भेंडी चिरल्यावर धुतलीस ना? चिरायच्या आधी धुवायची, फडक्यानं कोरडी पुसायची, आणि मीठ अगदी शेवटी. आधी मीठ घातलं की पाणी सुटतं आणि तार धरते. थोडं आमसूल टाक. तुमच्या नळीत आमसूल चालतं का ते मात्र मला ठाऊक नाही.

रानजाई (सोमवार, रात्री ११.३१)

काकू 😀 पान धुऊन, पुसूनच घेते. आमसूल गाईडना विचारून बघते.

जालनेकर (मंगळवार, सकाळी ७.०५)

रानजाई, चौदा वर्षं एका बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये भेंडी, मिरची आणि कापूस यांचीच पानं कुटतोय. तुझ्या पोस्टमध्ये दुखणं स्पष्ट दिसतंय.

पहिलं म्हणजे हावरटपणा. एक ग्रॅम पान कशाला? शंभर मिलिग्रॅम घे आणि त्याला निदान एक मिली बफर दे. पान दहापट घेतलं की डीएनए दहापट मिळतो असं सगळ्यांना वाटतं. बुळबुळ मात्र नक्की दहापट मिळते आणि बफर बिचारं तेवढंच. एसएसआरच्या एका पीसीआरला वीस ते पन्नास नॅनोग्रॅम लागतात. तुला लग्नाचा स्वयंपाक करायचा नाहीये.

दुसरं, पान कुठलं घेतेस? तू लिहिलं नाहीस, पण पैज लावतो, पंजाएवढं मोठं, हिरवंगार, हाताला येईल ते. बरोबर? शेंड्यातलं अजून नीट न उलगडलेलं पान घे, अंगठ्याच्या नखाएवढं. त्यात पेशी लहान आणि दाट, म्हणजे तेवढ्याच वजनात डीएनए जास्त, आणि चिकट साठा कमी. सकाळी ऊन चढायच्या आत तोड. दिवसभर ऊन खाल्लेल्या पानात पिष्ट साठलेलं असतं. कुंडीतली झाडं असतील तर आम्ही एक-दोन दिवस अंधारात ठेवून मग पान घेतो.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते रात्रभर उणे २० ला ठेवणं आजपासून बंद. गारठ्यात आणि इतका वेळ ठेवल्यावर डीएनएबरोबर सगळी शर्करा, मीठ, उरलेलं सीटॅब, जे काही असेल ते तळाशी बसतं. आयसोप्रोपेनॉल खोलीच्या तापमानाला घाल, दोन-तृतीयांश आकारमान, हलक्या हातानं ट्यूब उलटी-सुलटी कर, दहा मिनिटांत धागे दिसले पाहिजेत. दिसले की लगेच फिरव.

आता मिठाचं. काकू म्हणतात शेवटी घाल, स्वयंपाकघरात त्यांचं बरोबर आहे. लॅबमध्ये उलटं आहे. नेहमीच्या सीटॅब बफरमध्ये १.४ मोलर मीठ असतं. भेंडीला आम्ही ते २.५ पर्यंत नेतो. शिवाय अल्कोहोल घालायच्या आधी वरच्या पाण्यात अर्ध्या आकारमानाइतकं ५ मोलर मिठाचं पाणी. मीठ भरपूर असलं की अल्कोहोलमध्ये डीएनए खाली बसतो आणि शर्करा बरीचशी वर विरघळलेली राहते. मग ७० टक्के इथेनॉलनं दोनदा धू, नाहीतर तेच मीठ पीसीआरला नडेल.

ऑफिसची गाडी आली. बाकी संध्याकाळी.

रानजाई (मंगळवार, सकाळी ८.१२)

सर, पान पंजाएवढंच घेत होते 🙈 आणि दुपारी. सकाळी शेतात नोंदी घ्यायच्या असतात म्हणून.

हापूसवेडी (मंगळवार, सकाळी ९.४०)

जालनेकरांना अनुमोदन. मी आंब्यावर काम करते, त्यामुळे शेंबडाची दुसरी जात सांगते. तुझा गोळा पांढरा, पारदर्शक आहे म्हणजे शर्करा. आमचा तपकिरी असतो, कधी कधी चक्क चहाच्या रंगाचा. ते फिनॉल. केळफूल चिरताना हात काळे पडतात ना, अगदी तोच प्रकार: पेशी फुटली की फिनॉलची हवेशी गाठ पडते, ती करपतात आणि डीएनएला कायमची चिकटतात. एकदा चिकटली की कितीही धुवा.

केळफूल चिरून लगेच ताकात टाकतात, तसं आम्ही बफरमध्येच पीव्हीपी घालतो, दोन टक्क्यांपर्यंत. ते फिनॉलला धरून ठेवतं. जोडीला बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल, हे करपू देत नाही. ते ऐन वेळी घालायचं, आठवड्यापूर्वी मिसळून ठेवलेल्या बफरवर भरवसा नको. वास म्हणाल तर सडक्या कोबीत कुजकं अंडं फोडल्यासारखा. फ्यूम हूडमध्येच उघडा. मी एकदा बाहेर उघडलं, तर तीन खोल्यांपलीकडून गॅस गळतीची तक्रार आली.

आंब्याचं कोवळं तांबूस पान घ्यायचं की किंचित जून, यावर आमच्याकडे दोन तट आहेत. मी तांबूसवाली. पण भर चिकाच्या वेळी तोडलं तर रामराम म्हणायचं.

निवांत_पाटील (मंगळवार, सकाळी १०.१५)

केळफूल आणि ताकाचं उदाहरण फार आवडलं. बाकी धागा डोक्यावरून जातोय पण वाचतोय.

डचभूमीतला_बंड्या (मंगळवार, दुपारी २.३०)

जरा विरोधी सूर लावतो. नेदरलँड्समध्ये भाजीपाला बियाण्याच्या धंद्यात आहे. आमच्याकडे वर्षाला लाखोंनी नमुने जातात आणि डीएनए किती शुद्ध आहे हे कुणी बघत नाही. नखाएवढ्या पानाचा तुकडा किंवा बीचा कपचा ९६ खणांच्या प्लेटमध्ये, लहान पोलादी गोळ्यांनी दळायचा, चुंबकीय मण्यांवर डीएनए धरायचा, धुवायचा, सोडायचा, पुढे ३८४ खणांत कास्प (मार्कर वाचायची झटपट चाचणी). गोऱ्या कामगाराला ठाऊकही नसतं त्या दिवशी काकडी होती की ढोबळी मिरची. मार्कर चांगला असेल तर कचऱ्यातूनही उत्तर येतं. काही पिकांना तर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये पान उकळून, पातळ करून थेट पीसीआर करतात.

तेव्हा १.८ आणि २.० या शुद्धतेच्या आकड्यांमागे लागून पाच आठवडे घालवणं मला पटत नाही. रानजाई, आहे तोच माल दहापट पातळ करून पीसीआर लावून बघितलास का? डीएनए पातळ होतो तसा अडथळाही पातळ होतो. थोडं बीएसए (अडथळा धरून ठेवणारं प्रथिन) घाल.

लांबपल्ला (मंगळवार, दुपारी ३.०२)

बंड्याशेठ, तुमच्या १०० बेसच्या कास्पला कचरा चालतो हो. मी लाँग-रीड सिक्वेन्सिंगवर (डीएनएचे लांब धागे सलग वाचणं) बसतो, माझ्याकडे तुमचा कचरा आला तर फ्लोसेल (डीएनए वाचणारी चिप) तासाभरात मान टाकेल आणि बिल मला लागेल. आम्हाला पन्नास हजार, लाख बेसचे अखंड धागे लागतात. तिथं शुद्धता आणि लांबी दोन्ही. व्हॉर्टेक्सला हात लावायचा नाही, टिपेचं टोक कापून रुंद करायचं, ट्यूब बाळाला झोपवल्यासारखी हलवायची, गोळा खडखडीत वाळवायचा नाही, आणि तयार डीएनए ४ अंशाला ठेवायचा. दर वेळी गोठवून वितळवला की तुकडे पडतात. झाडांच्या पेशींना भिंत असते, ती फोडायला जोर लावावा लागतो आणि त्याच जोरानं डीएनए तुटतो, म्हणून आम्ही बरेचदा आधी अख्खी केंद्रकं वेगळी काढतो आणि मग फोडतो.

हापूसवेडी, तुमच्या हापूसचा जीनोम २०२० मध्ये चीनमधल्या गटानं प्रसिद्ध केला, माहीत असेलच.

हापूसवेडी (मंगळवार, दुपारी ३.२०)

माहीत आहे. जखमेवर मीठ चोळू नका, ते पण २.५ मोलर.

आयटीतला_शेतकरी (मंगळवार, सायं. ५.४५)

बावळट प्रश्न. एफ-२ ची झाडं शेतात डोळ्यांसमोर आहेत. कोण पिवळं पडलं, कोण नाही ते दिसतंय. मग डीएनए हवाच कशाला?

जुनं_खोड (मंगळवार, रात्री ८.१०)

बावळट नाही, लाखमोलाचा प्रश्न आहे. मी तीस वर्षं पैदासकार म्हणून नोकरी केली, आता घरी आहे. परभणी क्रांती १९८० च्या दशकात आली. पुसा सावनीचा रानभेंडीशी संकर, मग परत परत पुसा सावनीशी. त्यात डीएनएचा थेंब कुणी पाहिला नव्हता. सायंकाळी कळीचे पुंकेसर चिमट्यानं काढायचे, कागदी पिशवी चढवायची, पहाटे परागकण लावायचे आणि पुढे नजर. आताच्या पोरांना नॅनोड्रॉपवरचा आकडा तोंडपाठ असतो, झाडाच्या खोडावरची लव मात्र दिसत नाही.

पोरी, तुझा एफ-१ तू स्वतः शेतात पाहिला होतास का? खोडाचा रंग, पानाचे कातरे, फळाच्या शिरा, दोन्ही आईबापांच्या मधला वाटला होता का?

रानजाई (मंगळवार, रात्री ८.४०)

सर, संकर माझ्या आधीच्या विद्यार्थ्यानं केला होता. मला एफ-१ च्या दोन झाडांचं बी मिळालं, एफ-२ मी लावली. काही झाडं अगदी परभणी क्रांतीसारखीच दिसतात, पण तो प्रभावी गुण असेल असं धरून चालले.

जालनेकर (मंगळवार, रात्री ९.३०)

आयटीतल्या शेतकऱ्यासाठी. नजरेला मी कमी लेखत नाही, पण तिच्या दोन मर्यादा आहेत. हळद्या पांढरी माशी आणते. माशीच आली नाही त्या वर्षी सगळीच झाडं हिरवी दिसतात, तेव्हा टिकाऊ कोण आणि नशीबवान कोण हे कसं ओळखणार? दुसरी, एकाच झाडात प्रतिकाराची दोन-तीन जनुकं बसवायची असतील तर एकवालं, दोनवालं आणि तीनवालं झाड शेतात सारखंच तजेलदार दिसतं. डोळ्याला फरक नाही. मार्करला आहे.

बाजरीच्या एचएचबी ६७ चं असंच झालं. चांगला, लवकर येणारा संकरित वाण, पण त्यावर गोसावी रोग पडायला लागला. पाटणचेरूच्या इक्रिसॅटनं आणि हरियाणाच्या कृषी विद्यापीठानं मार्कर लावून त्याच्या आईबापात प्रतिकार घातला, २००५ मध्ये सुधारित वाण आला. सांबा मसुरी भातात कडा करप्याच्या प्रतिकाराची तीन जनुकं एकत्र बसवली, तो वाण २००८ चा. ती तीन एकाच झाडात आहेत की नाहीत, हे नुसत्या नजरेनं कुणी सांगूच शकलं नसतं.

हापूसवेडी (मंगळवार, रात्री ९.५५)

आणि झाडाला वेळ किती लागतो तेही बघा. भेंडी दोन महिन्यांत उत्तर देते. आंब्याचं रोप फळाला यायला वर्षामागून वर्षं. वेंगुर्ल्याला नीलम आणि हापूसपासून रत्ना केला, पुढे रत्नाचा परत हापूसशी संकर करून सिंधू. एकेका पिढीत माणसाचं निम्मं करिअर जातं. रोप वीतभर असतानाच एका पानावरून निम्मी रोपं बाद करता आली, तर जागा, पाणी, मजुरी, आयुष्य, सगळं वाचतं.

मळेवाला (बुधवार, सकाळी ६.२०)

मी भेंडी पिकवतो. दोन एकर. तुमची चर्चा छान आहे पण माझा अनुभव असा की नवं बियाणं येतं, दोन-तीन हंगाम हिरवंगार, मग हळद्या परत हजर. परभणी क्रांतीचंही असंच झालं. आठवड्याला माशीवर फवारणी, तोडा एक दिवसाआड. पुडीमागे भाव मात्र वाढतो. डीएनएनं यात काय फरक पडणार ते साध्या भाषेत सांगा.

जुनं_खोड (बुधवार, सकाळी ७.१५)

मळेवाले, तुमचं खरं आहे आणि ते जुनं दुखणं आहे. या रोगाची पहिली नोंदच १९२४ ची, आपल्या मुंबई इलाख्यातली. पुसा सावनी आली तेव्हा ती टिकली, नंतर ढासळली. परभणी क्रांतीचंही तेच. विषाणू बदलत राहतो आणि आपण एकाच कुलपावर भरवसा ठेवतो. त्याला किल्ली सापडली की संपलं. इथं मात्र मी जालनेकरांशी सहमत आहे: एका दाराला दोन-तीन कुलपं लावायची तर ती लागली आहेत की नाहीत हे नजरेनं कळत नाही. माझा विरोध मार्करला नाही. शेत न बघता मार्कर लावण्याला आहे.

मळेवाला (बुधवार, सकाळी ७.४०)

कुलपाचं पटलं. पण लवकर करा.

लॅबमधली_माशी (बुधवार, सकाळी ११.००)

दोन छोट्या गोष्टी कुणी लिहिल्या नाहीत म्हणून. क्लोरोफॉर्म पॉलिस्टायरीनच्या ट्यूबमध्ये घालू नका, ट्यूब विरघळते. पॉलिप्रॉपिलीन चालतं. आणि आपले निळे नायट्राइल हातमोजे क्लोरोफॉर्मपुढे फार वेळ टिकत नाहीत. शिंतोडा उडाला की लगेच बदला, 'मोजे घातलेत ना' म्हणून निर्धास्त राहू नका.

द्रव नायट्रोजन मिळत नसेल तर काय करावं? आमच्या तालुक्याच्या गावी कुणी पुरवत नाही.

जालनेकर (बुधवार, दुपारी १.१०)

जनावरांच्या दवाखान्यात विचार. वळूच्या रेतनाच्या कांड्या नायट्रोजनमध्येच ठेवलेल्या असतात, त्यामुळे त्यांचा ठरलेला पुरवठादार असतो. सुरुवातीची दोन वर्षं आम्ही त्याच गाडीवरून भरून घेत होतो. गाडीवाला विचारायचा, साहेब, किती गाई आहेत? फक्त ते भांडं बंद खोलीत किंवा बंद गाडीत ठेवायचं नाही. वाफ होऊन श्वासाची हवा हाकलते, जीव जाऊ शकतो.

नसेलच मिळत तर पान सिलिका जेलमध्ये वाळव. पानाच्या किमान दहापट सिलिका, एका दिवसात कुरकुरीत झालं पाहिजे. वाळलेलं पान नायट्रोजनशिवायही छान दळतं. सगळ्यात वाईट काय, तर पान गोठवायचं आणि बफर घालायच्या आधी वितळू द्यायचं. पेशी फुटलेल्या, विकरं जागी, आणि त्यांना थोपवणारं बफरमधलं ईडीटीए अजून पोचलेलं नाही. जेलवर नुसता धूर दिसतो.

रानजाई, अजून एक उपाय राहिला होता. सॉर्बिटॉलनं आधी धुणं. २०१८ मध्ये ब्राझीलमधल्या गटानं तो नीट मांडून छापलाय. कुटलेली पूड थेट सीटॅबमध्ये टाकायची नाही. आधी ०.३५ मोलर सॉर्बिटॉलच्या बफरमध्ये, त्यातच पीव्हीपी आणि मर्कॅप्टोइथेनॉल, चांगली हलवायची, फिरवायची, वरचं पाणी फेकून द्यायचं. सॉर्बिटॉलमध्ये केंद्रकं फुटत नाहीत, त्यामुळे डीएनए खाली गाळातच राहतो आणि बुळबुळ पाण्याबरोबर जाते. भेंडीला दोनदा, हट्टी असेल तर तीनदा. वरचं पाणी ओतताना तार धरायचं थांबलं की सीटॅब.

सुगरण_काकू (बुधवार, दुपारी १.४५)

म्हणजे शेवटी चिरल्यावर धुतलीतच ना भेंडी!

ठोंब्या (बुधवार, दुपारी १.४७)

काकू १, विज्ञान ०.

डचभूमीतला_बंड्या (बुधवार, दुपारी ३.१५)

सॉर्बिटॉलचं माहीत नव्हतं, छापून भिंतीला लावतो. माझा मुद्दा तरी कायम आहे. २६०/२३० साठी झुरू नका, काम काय आहे त्याप्रमाणे ठरवा. आमच्याकडे निवडीची घाण होते ती नमुन्यांच्या अदलाबदलीनं, शुद्धतेनं नाही. प्लेट उलटी धरली की ए-१ चा एच-१२ होतो, आणि पुढे सहा महिने चुकीचं झाड वाढवायचं. हा अपघात मी स्वतः केलाय. म्हणून आता प्रत्येक प्लेटमध्ये एक खण मुद्दाम रिकामा ठेवतो, ठरलेल्या जागी. रिकाम्या खणातून उत्तर आलं की समजायचं, गडबड.

लांबपल्ला (बुधवार, दुपारी ३.४०)

रिकाम्या खणाला +१. आणि रानजाई, नॅनोड्रॉपच्या त्या ४१० वर जाऊ नकोस. ते २६० ला जे जे शोषलं जातं ते सगळं मोजतं: आरएनए, सुटे न्यूक्लिओटाइड, फिनॉल. क्युबिट हे दुसरं यंत्र फक्त दुपदरी डीएनएला धरतं. आमच्याकडे आलेल्या एका नमुन्यात नॅनोड्रॉप ८०० म्हणत होतं, क्युबिट ९०. तू आरएनएज (आरएनए कापणारं विकर) घातल्याचं कुठे लिहिलं नाहीस. घालतेस ना?

रानजाई (बुधवार, रात्री १०.०५)

...घालत नव्हते. पीसीआरला आरएनएनं काय होतंय असं सीनियर म्हणाले होते.

लांबपल्ला (बुधवार, रात्री १०.१२)

पीसीआर थांबणार नाही, ते खरं. पण तू ५० नॅनोग्रॅम समजून पाच टाकत होतीस.

निवांत_पाटील (बुधवार, रात्री १०.४०)

अवांतर: ही सीटॅब पद्धत कुणाची?

हापूसवेडी (बुधवार, रात्री ११.०५)

मूळ पाया मरे आणि थॉम्पसन यांचा, १९८०. आज सगळे ज्यांचं नाव घेतात ते जेफ आणि जेन डॉइल हे जोडपं, १९८७ मध्ये त्यांनी ताज्या पानासाठी ती सोपी करून छापली. प्रत्येक लॅबमध्ये तिची घराण्याप्रमाणे वेगळी चाल असते. आमच्याकडे कागदावर पीव्हीपीच्या पुढे कुणीतरी पेन्सिलनं 'मुठीनं नाही, चमच्यानं' लिहून ठेवलंय.

रानजाई (पुढच्या आठवड्यात, गुरुवार, रात्री ९.२०)

खबर द्यायला आले. आठ झाडांवर करून पाहिलं. सकाळी साडेसहाला शेंड्याचं पान, शंभर मिलिग्रॅम, सॉर्बिटॉलनं दोनदा, मग जास्त मिठाचं सीटॅब, क्लोरोफॉर्म दोनदा, आरएनएज ३७ अंशाला अर्धा तास, आयसोप्रोपेनॉल खोलीच्या तापमानाला.

दुसऱ्या सॉर्बिटॉलनंतर पाणी ओतलं तर ते पाण्यासारखं पडलं. मी तीनदा ट्यूब तिरपी करून पाहिली, तार नाही. आयसोप्रोपेनॉल घालून ट्यूब सावकाश उलटी केली आणि मधोमध कापसाच्या सुतासारखा पांढरा झुपका तरंगत आला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा दिसला. क्युबिट ७४, २६०/२८० १.८३, २६०/२३० १.९६. जेलवर वर एकच घट्ट पट्टा, लॅम्डा या मापाच्या डीएनएच्या ४८.५ हजार बेसवाल्या पट्ट्याच्या रांगेत. पीसीआर पहिल्या फटक्यात.

जालनेकर सर, दंडवत.

जालनेकर (गुरुवार, रात्री ९.३५)

शाब्बास. आता १८४ करताना घाई करू नकोस, दिवसाला चोवीसच कर. आणि दोन्ही आईबाप, दोन्ही एफ-१ आधी चालव.

ठोंब्या (गुरुवार, रात्री ९.५०)

धागा सुफळ संपूर्ण. नारळ फोडा.

रानजाई (पुढच्या बुधवारी, रात्री ११.५५)

नारळ थांबवा.

सरांनी सांगितलं म्हणून आधी आईबाप आणि एफ-१. एफ-१ च्या झाडांची वाळवलेली पानं आधीच्या विद्यार्थ्यानं लिफाफ्यात ठेवली होती, नशीब माझं. आईबापात फरक दाखवणारे सहा मार्कर लावले. पहिल्या एफ-१ मध्ये दोघांचे पट्टे, सहाही वेळा. दुसऱ्यात फक्त परभणी क्रांतीचा, तोही सहाही वेळा. दोनदा परत केलं. नवीन डीएनए काढून तिसऱ्यांदा केलं.

तो संकर नव्हताच. स्वपरागण झालेलं होतं. कळीतला एखादा पुंकेसर राहिला असेल, किंवा पिशवी उशिरा चढवली असेल, आता काय कळणार. त्याच्या बियांपासून माझी १८४ पैकी ८१ झाडं आहेत. म्हणजे ती एफ-२ नाहीतच. शुद्ध परभणी क्रांती. जुनं_खोड सर, तुम्ही विचारलं होतं त्या रात्रीच मनात चुकचुकलं होतं.

पाच आठवडे पट्टा येत नव्हता म्हणून रडत होते. आता पट्टा इतका स्वच्छ आलाय की शंकेला जागा नाही.

हापूसवेडी (गुरुवार, सकाळी ६.४०)

अगं बाई. मिठी घे.

जुनं_खोड (गुरुवार, सकाळी ७.००)

पोरी, ८१ गेली तरी १०३ खरी आहेत. खऱ्या एफ-१ चं बी शिल्लक असेल तर याच खरिपात आणखी शंभर लाव. आणि ती ८१ लगेच उपटू नकोस. ती सगळी एकसारखीच असायला हवीत. त्यात रोगाचा जो फरक दिसेल तो जनुकांचा नाही, तुझ्या शेताचा आणि माशीचा. फुकटात उत्तम तुलना मिळाली आहे, प्रबंधात घाल. आणि माझं लवेवरचं बोलणं लावून घेऊ नकोस. मी स्वतः १९९० च्या आसपास असाच एक स्वपरागण झालेला संकर तीन वर्षं वाढवला होता, आणि माझ्याजवळ पट्टा दाखवणारं कुणी नव्हतं.

डचभूमीतला_बंड्या (गुरुवार, दुपारी १.३०)

माझे शब्द अर्धे मागे घेतो. घाणेरड्या डीएनएवर दुसऱ्या एफ-१ चा एखादा पट्टा आला नसता, तर आपण सगळेच 'अडथळा असेल' म्हणून सोडून देणार होतो.

रानजाई (गुरुवार, रात्री ८.१५)

सर, तुलनेचं गाईडना सांगितलं, ते पहिल्यांदा हसले. खऱ्या एफ-१ चं साधारण दोनशे बी आहे. सोमवारी पेरतेय. या वेळी बीजपत्रं उमलली की लगेच नमुना घेणार.

सुगरण_काकू (गुरुवार, रात्री ८.३०)

सगळं ठीक आहे, पण त्या ८१ झाडांच्या भेंडीचं काय करतेस? टाकू नको हो.

रानजाई (गुरुवार, रात्री ८.४४)

मोजून, वजन करून झालं की वसतिगृहाच्या मेसला देते काकू. काल केली होती. चिकट झाली होती.